पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी

मालकांनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा पहिला अख्खा हिवाळा ती विकायची कोणाला, याच चर्चेत गेला. गाडी अजून घेतलेली नव्हती. कुठली घ्यायची तेही ठरलं नव्हतं. पण पाच-सहा वर्षांनी ती कोण नेईल, त्याचा धंदा काय असेल, तो भावात किती ताणेल, हे मालकांनी संध्याकाळी चक्की बंद झाल्यावर ओट्यावर बसून बरंचसं पक्कं केलं होतं.

"घेनं कोनालेही जमते," ते म्हणायचे. "घेतानी मनात विकून पाह्यलं पाह्यजे."

मिरचीसुद्धा ते अशीच घेत. भिवापूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या ढिगासमोर उभे राहिले की त्यांना ढीग दिसायचा नाही. तो ज्याला विकायचा तो खानावळवाला दिसायचा. "हा रंग त्याले आवडन," ते स्वतःशी म्हणत, आणि कोणाबद्दल चाललंय हे शेतकऱ्याला कळायचं नाही.

चक्की नागपूरच्या इतवारीत होती. मिरची दळायची आणि दुकानांना, खानावळींना पोचवायची, एवढा धंदा. मी तिथे राहायचो, चक्कीवरच्या माळ्यावर. माझं गाव कोकणात, समुद्राला लागून. सातवीनंतर शाळा सुटली. घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी होत्या, म्हणून गावच्या एका गृहस्थाची नागपूरला बदली झाली तेव्हा घरच्यांनी मलाही त्याच्यासोबत लावून दिलं. तो मला एका कँटीनमध्ये चिकटवणार होता. आम्ही पोचेपर्यंत कँटीन बंद पडलं होतं. गृहस्थ म्हणाला, "इथेच थांब, मी बघतो," आणि बघायला गेला. मी थांबलो ती जागा नेमकी मिरचीच्या चक्कीसमोर होती, त्यामुळे मी शिंकत थांबलो. मालकांना वाटलं मी आजारी आहे. त्यांनी मला आत नेऊन बसवलं. आत मी जास्त शिंकलो. मग काकू, म्हणजे मालकांची बायको, आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "कोनाचा हो हा पोट्टा?" मालक म्हणाले, "कोनाचा नाही वाटते." तेवढ्यावर मी तिथे राहिलो. पुढे किती तरी वर्षं मी दर सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हे तपासायचो की मला अजून कोणी जा म्हटलेलं नाही ना.

पहिला महिना मी शिंकण्यात घालवला. काकूनं तोंडाला ओला फडका बांधायला सांगितलं, नाकात तूप घातलं. मग एका दिवशी शिंका थांबल्या. मला वाटलं, बरं झालं. त्याचा अर्थ काय होतो हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढे मी मोठा झालो, दुसऱ्याच्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून जाऊन गाडी शिकलो आणि लायसन काढलं. मालकांच्या घरात गाडी चालवता येणारा मी एकटा. त्यामुळे गाडी बघायला जायचं ठरलं तेव्हा मालकांनी मला सोबत घेतलं आणि ओळखीच्या एका मिस्त्रीलाही घेतलं. जबाबदारी मात्र माझ्यावर टाकली. "चालवनार तू हायेस. तू हो म्हन, मंगच घेऊ," ते म्हणाले. मला रात्री झोप आली नाही. गाडी खराब निघाली तर मालक मला काही बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तीनचाकी टेम्पो मालकांनी लांबूनच नाकारला. "याले पुढं कोन घेईन? दुसरा टेम्पोवालाच. एकच गिऱ्हाईक झालं." निळी बंद गाडी पाहिली. ती चालायला छान होती, मी हो म्हणणार होतो. मालकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "निळ्या गाडीत पेशंट कोनी नेत नाही," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "मालिक, आपको मिर्ची ले जानी है, पेशंट कायको?" मालक म्हणाले, "मले नाही न्यायचा गा. माया मागून जो घेईन त्याले न्यायचा हाये."

मग पांढरी गाडी सापडली. डिझेलवर चालणारी, मागे बंद, एका औषधांच्या एजन्सीवाल्या म्हाताऱ्याची. पहिलाच मालक, रंग मूळचा, मीटर चालू. मिस्त्रीनं इंजिनाला कान लावला आणि "कडक है" म्हणून सांगितलं. पांढऱ्या गाडीसमोर मालकांच्या मनातली गिऱ्हाइकं एकापाठोपाठ एक उभी राहायला लागली. "पाववाला घेईन. शाळावाला घेईन. दवाखान्यावाला तं डोळे झाकून घेईन, त्याले रंगसुद्धा द्यावा नाही लागनार, खाली लाल पट्टा मारला की झालं." ते माझ्याकडे वळले. "काय बे कोकण्या?"

मी चालवून पाहिली. हो म्हणालो.

भाव करताना मालकांनी मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढून नाकाला दुपट्टा लावला. "औषधाचा वास येऊन राहिला," ते म्हणाले.

"औषधंच होती त्यात," म्हातारा म्हणाला.

"होती ना. पन गाडीत वास बसला की तिचा भाव उतरते. पुढचा माणूस सांगते का तुमाले, की वास कायचा हाये? तो नाक दाबते अन् जाते." म्हाताऱ्यानं थोडा वेळ विरोध केला, मग भाव उतरवला. परत येताना मालक खूप आनंदात होते. "नाक पाह्यजे धंद्याले," ते मला म्हणाले. तो वास मलाही आला होता. झेंडूसारखा काहीतरी, वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या गाडीत मिरची भरायला लागलो.

गाडी पुढच्या गिऱ्हाइकाची आहे आणि आपण ती फक्त सांभाळतो आहोत, असंच आमच्या घरात सगळे वागत. तिच्यावर चक्कीचं नाव रंगवलं नाही, कारण ते नंतर खरवडावं लागलं असतं. म्हाताऱ्यानं न काढलेलं सीटवरचं प्लास्टिक आम्हीही काढलं नाही. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटायचं, मी उठलो की शर्टही त्याच्याबरोबर राहायला बघायचा, पण प्लास्टिक राहिलं. दारं आपटायची नाहीत. हॉर्न गरजेपुरता. काकूला एकदा त्यातून तेलंगखेडीला फिरायला न्यायचं ठरलं, तर मालकांनी तिला पाय पुसून बसायला सांगितलं. "पुढच्याचे पाय काय सोन्याचे हायेत का?" काकू म्हणाली, आणि पाय पुसून बसली.

मी गाडी रोज धुवायचो. लोक म्हणत, स्वतःची असती तर एवढी धुतली नसती. खरं होतं. स्वतःची असती तर मला कोणाला काही दाखवून द्यावं लागलं नसतं.

सहा-सात वर्षं गेली. मालकांचे गुडघे गेले, काकूला दम लागायला लागला. डॉक्टरनं मिरचीपासून लांब राहा म्हणून सांगितलं. मालकांनी प्रतापनगरला एक लहानसं घर घेतलं, दोन खोल्या आणि समोर अंगण. चक्की बंद करायची ठरली. मशिनरी एकानं नेली. जागा घरमालकाला परत द्यायची होती. राहिली गाडी.

"गाडी गेली की आपन मोकळे," मालक म्हणाले.

त्यातल्या "आपन"मध्ये मी आहे की नाही, हे मी पुष्कळ दिवस ताडून बघत होतो. प्रतापनगरच्या घरात माळा नव्हता. गाडी नसताना ड्रायव्हर ठेवतं कोण? गावी भावांची लग्नं होऊन खोल्या आणखी कमी झाल्या होत्या. पत्रातून ते सांगत नसत, पण ये असंही कधी लिहीत नसत. मला विचारायचं होतं, पण ज्या घरानं न विचारता ठेवून घेतलं त्या घराला असं विचारणं मला जमेना. मी गाडी आणखी घासायला लागलो. जितकी चकचकीत होईल तितकी लवकर जाईल, आणि ती गेली की मी जाणार, हे समजत होतं. तरी घाण गाडी दाखवणं माझ्याच्यानं झालं नसतं.

पहिला पाववाला आला. मालक मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पाह्य, सांगतलं होतं का नाही?" मे महिना होता, गाडी सकाळपासून उन्हात उभी. पाववाल्यानं मागचं दार उघडून आत डोकं घातलं. डोकं थोडा वेळ आतच राहिलं. मग तो शिंकला. एकदा नाही.

"सर्दी झाली काय?" मालकांनी काळजीनं विचारलं.

"नाही." परत शिंक. "काय भरता यात?"

"मिरची."

"किती दिवसांपासून?"

"घेतली तवापासून."

पाववाल्यानं डोळे पुसले. "पाव तिखट लागन ना भाऊ."

"तिखट पाव चांगला लागते," मालक म्हणाले. त्यांना वाटलं सौद्याची बोलणी सुरू झाली.

मग एका शाळेचे हेडमास्तर आले. ते समजूतदार होते, आतून एक चक्कर मारून आले आणि लाल डोळ्यांनी म्हणाले की पोरं शाळेत येताना तशीही रडतात, त्यासाठी मुद्दाम गाडी घ्यायची गरज नाही. दवाखान्यातून एक माणूस आला, त्यानं पांढरा रंग बघून खरोखरच समाधान व्यक्त केलं. पण तो म्हणाला, ऑपरेशनचा पेशंट यातून नेला तर रस्त्यातच शिंकून शिंकून त्याचे टाके उसवतील.

"नागपुरात साथ आली वाटते सर्दीची," मालक म्हणाले. काकूनं तिघांनाही मनापासून काढा प्यायला सांगितलं होतं.

प्रत्येक जण गेला की मला हायसं वाटायचं. मग हायसं वाटल्याचं वाईट वाटायचं. मग मी गाडी धुवायचो.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. तो इंजिन बघायला म्हणून आला आणि इंजिनापर्यंत पोचलाच नाही. नाकावर रुमाल धरून म्हणाला, "मालिक, इंजिन कायको देखना? गाडी में मिर्ची बैठ गई है. पत्रे में बैठी, सीट में बैठी, सब में बैठी."

"मले तं काही येत नाही," मालक म्हणाले. त्यांनी आत जाऊन मोठा श्वास घेतला. बाहेर येऊन काकूला पाठवलं. काकू आत जाऊन आली. "मलेही नाही जी." मग त्यांनी गल्लीतल्या भांडीवाल्याला बोलावलं. त्याला काही वास आला नाही. त्याचा जन्म आमच्या चक्कीशेजारी गेला होता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोकण्या, तू जा."

मी आत गेलो, दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि जितका घेता येईल तितका श्वास घेतला. गरम पत्रा, थोडं डिझेल. बाकी काही नाही. बाहेर येऊन मी मान हलवली.

"तुले बी नाही?" मालक जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले. "तू तं बाहेरचा हायेस ना बे!"

ते ओट्यावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या औषधवाल्या म्हाताऱ्याचे मी पैसे तोडले होते. वासापायी."

आम्ही उपाय केले. शेण सारवून बघितलं, ताक शिंपडलं, कडुनिंबाचा पाला कोंबून दारं दोन दिवस बंद ठेवली. त्या पाल्याचा वास आम्हाला आला, मिरचीचा नाही, तेव्हा आम्हाला वाटलं की झालं. कोणीतरी गरम पाण्यानं धुवा म्हणालं. मी उकळतं पाणी मारलं. गल्लीतल्या कोणालाही काही झालं नाही, पण भांडीवाल्याकडे रुखवताची भांडी घ्यायला आलेली सगळी मंडळी खोकत खोकत पळाली, नवरीसकट. भांडीवाला आमच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आणि मग भिवापूरहून एक माणूस आला. तिथे त्याचा सातरा होता. सातरा म्हणजे जिथे बाया बसून मिरचीचे देठ खुडतात ते मोकळं आवार. मालकांचा जुना व्यापारातला माणूस, दिसायला काटक, खांद्यावर दुपट्टा, गालात तंबाखूचा खर्रा. चक्की बंद होते आहे ऐकून भेटायला म्हणून आला होता. गाडी पाहिली आणि न विचारता मागून आत शिरला. दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. दुपार होती. आतून आवाज येईना.

"काय झालं असन वं?" मालक काकूला हळूच म्हणाले.

दार उघडलं. माणूस घामानं भिजला होता, बाकी जसा गेला तसाच. "गाडी चांगली ठेवली गा," तो म्हणाला.

"वास नाही आला काही?" मालकांना राहवलं नाही.

"कायचा वास?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"चालवते कोन?" त्यानं विचारलं. "मले नाही येत. पोट्टेही कामाचे नाहीत."

"हा चालवते. कोकणातला हाये," मालक म्हणाले.

"येते का हा माया संगं?"

मालकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला. दोघांनी आपापला उजवा हात खाली घातला. मिरचीचा सौदा आमच्याकडे असाच व्हायचा: भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्याला कळत नाही. गाडीचा सौदा असा झालेला मी तरी पाहिला नव्हता. पण दोघांनाही दुसऱ्या पद्धतीनं सौदा करता येत नसावा.

दुपट्टा हलायला लागला. मग मालक मोठ्यानं म्हणाले, "राह्याले खोली पाह्यजे. गोदामात नाही झोपवायचा."

"सातऱ्यामागं खोली हाये," समोरचा म्हणाला. दुपट्टा हलला.

"याले भात लागते."

"भात?" समोरच्यानं भुवया उंचावल्या. "ज्वारीची भाकर खात नाही?"

दारातून काकू म्हणाली, "खाते जी बिचारा, बोलत नाही. पन जात नाही त्याच्या गळ्याखाली. मी काय पाहत नाही का!"

मी अकरा-बारा वर्षं तिथे जेवलो होतो आणि मला वाटत होतं की हे कोणाला कळलेलं नाही. दुपट्ट्याखाली मालकांचं मनगट थोडं खाली गेलं.

"हप्त्यातून एकदा मासोळी."

"मासोळी आनाची कुठून?"

"तळं हाये ना तुमच्याकडं." परत मनगट खाली गेलं. "अन् गणपतीले घरी जाऊ द्याचं. तिकडं गणपती मोठा असते त्यांचा."

"ऐन खुडणीच्या आधी?"

"आधीच ना. खुडणीत थोडीच म्हन्तो मी."

मी गाडीला टेकून उभा होतो. टेकलो होतो हे लक्षात आल्यावर सरळ उभा राहिलो, कारण दारावर पाठीचा डाग पडला असता. दोघांचे चेहरे भिंतीसारखे होते. सौद्याच्या वेळी ते तसेच असायला लागतात. शेवटी दोघांनी हात बाहेर काढले, मालकांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "जमलं. सामान भर."

काकूनं मला बांधून दिलेल्या डब्यात भात होता. निघताना मी वाकलो तेव्हा मालक म्हणाले, "प्लास्टिक काढू नको. तोही विकनारच हाये कधी ना कधी."

उमरेडच्या रस्त्याला लागल्यावर नव्या मालकानं खर्रा थुंकला आणि हसला. "तुया मालकानं बम नुकसान करून घेतलं गा," तो म्हणाला. "गाडीचं मी बरोबर देऊन राहिलो होतो, त्याले मान्यही होतं. मंग तुयं काढलं. एक बोट खोलीपायी सोडलं, एक भातापायी, एक मासोळीपायी. गणपतीचं तं मी फुकटच द्यायले तयार होतो, पन तो आधीच सोडून बसला." थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "काहून, गाडी काहून हळू केली?"

मी म्हणालो, पुढे बैल आहेत. पुढे काही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मासोळी आली. तळ्यातली, चिखलाचा वास असलेली, नुसते काटे, आणि त्यावर भिवापुरी तिखटाचा असा थर की खाली मासा आहे हे मानून घ्यावं लागावं. समुद्राकाठच्या माणसानं ती तोंडात घालू नये अशी होती. मी काट्यांपर्यंत खाल्ली, ताट पुसून घेतलं. नव्या मालकिणीनं विचारलं, आवडली का गा, म्हणून. मी हो म्हणालो. एका बोटाची किंमत त्या सौद्यात किती धरली होती, हे मी तिथे कधी विचारलं नाही, आणि गणपतीला जाताना दरवर्षी प्रतापनगरला उतरायचो तेव्हा मालकांनाही नाही. ते पहिल्यांदा गाडीचंच विचारायचे: रंग कसा आहे, दार आपटत नाही ना, प्लास्टिक आहे ना अजून. मी सांगायचो, आहे.